पगार चालू झाला की भरपाई बंद होते का? (लेथवर हाताला लागलंय, मालक हलकं काम देतायत)

शिरोळची_लेक | ५ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज अडलं म्हणून धागा काढलाय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा दीर कोल्हापुरात उद्यमनगरात एका गाळ्यात टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडी तुकडा (जॉब) फिरवून कापायचं काम. वय ३० पूर्ण, आठ वर्षं त्याच मालकाकडं. कामगार सगळे मिळून सात. पगार १४,४००, रोखीत, वहीवर सही. ईएसआय (सरकारी कामगार विमा, पगारातनं वर्गणी कापतात तो) नाही, पीएफ नाही, आणि आजवर कधी त्याची गरजही वाटली नव्हती कारण मालक तसे घरच्यासारखे.

१२ ऑगस्टला संध्याकाळी चक बदलत होता. थ्री-जॉ चक, म्हणजे जॉब पकडून धरणारा लोखंडी पंजा, वजन चांगलंच असतं म्हणे, तो स्पिंडलवरनं (फिरत्या दांड्यावरनं) सुटला आणि ह्याचा उजवा हात चक आणि खालच्या बेडच्या (मशीनच्या पाट्याच्या) मध्ये सापडला. मनगटाच्या वरचं हाड मोडलं. प्लेट घातली, खाजगी दवाखान्यात ६२,००० बिल झालं. मालकांनी २०,००० लगेच आणून दिले, त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं होतं खरंच. बाकीचे आम्ही घातले, माझ्या पाटल्या सोसायटीत तारण आहेत अजून. नंतर कळलं की ते २०,००० वहीत "उचल" म्हणून मांडलेत.

३० सप्टेंबरपर्यंत म्हणजे ५० दिवस तो घरी होता, एक रुपया पगार नाही. आता डॉक्टरांनी लिहून दिलंय, हलकं काम करायला हरकत नाही पण दोन महिने पाच किलोच्या वर उचलायचं नाही आणि पिळायचं काम नाही. मग लेथ बंदच की, चकची चावी फिरवायची म्हणजे पिळणंच. मालक म्हणाले अर्धा दिवस ये, जॉब मोज, बर (कडेचं खरबरीत लोखंड) काढ, चलनं लिही, ७,२०० देतो. १ तारखेपासून जातोय.

मी विचारलं की ५० दिवसांचं काय, आणि आता अर्धा पगार कमी येतोय त्याचं काय. तर म्हणाले, "वहिनी, पगार चालू झाला की भरपाई बंद होते, कायदाच तसा आहे." वर शंभरच्या स्टॅम्पवर सही मागतायत. २५,००० मिळाले, यापुढं कसलंही येणं नाही, असं लिहून द्यायचं. दीर म्हणतो करून टाकू, कुठं वाकडं घ्यायचं. मला काही कळंना झालंय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

चहाबाज | ५ ऑक्टोबर

आधी एकच सांगतो, सही करू नका. दसरा होऊ दे म्हणा, वडीलधाऱ्यांना विचारतो म्हणा, काहीही सांगा पण सही नको. बाकी जाणकार येतीलच.

निनावी_नागपूर | ५ ऑक्टोबर

ताई, दहाच्या आत कामगार असतील तर कुठलाच कायदा लागत नाही. मालक २५ देतोय तर घ्या आणि मोकळे व्हा, कोर्टात चपला झिजतात नुसत्या.

काळाकोट | ५ ऑक्टोबर

वरचा प्रतिसाद चुकीचा आहे आणि दुर्दैवाने हाच सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

कारखान्यात दहा माणसं लागतात ती ईएसआयला. ईएसआय नसेल तिथे १९२३ चा नुकसानभरपाई कायदा येतो (जुनी माणसं वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणतात, २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन नाव झालं). विजेवर चालणाऱ्या मशीनवर उत्पादन होत असेल तर माणसं किती हे तो कायदा विचारत नाही. सात असोत नाहीतर दोन.

आता मूळ प्रश्न. कायद्यात अपंगत्वाचे चार खण आहेत असं समजा. कायमचं-पूर्ण, कायमचं-अंशतः, तात्पुरतं-पूर्ण, तात्पुरतं-अंशतः. तुमचा दीर १२ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर तिसऱ्या खणात होता, १ ऑक्टोबरपासून चौथ्यात आलाय. खण बदलला, बाहेर नाही पडला. तात्पुरत्या अंशतः अपंगत्वाची व्याख्या अशी आहे की अपघाताच्या वेळी माणूस जे काम करत होता त्या कामातली कमावण्याची ताकद कमी झाली पाहिजे. लक्षात घ्या, "त्या कामातली". तो चलनं लिहू शकतो की नाही हा मुद्दाच नाही. तो टर्नर होता आणि आज टर्निंग करू शकत नाही, इतकं पुरे.

तात्पुरतं मग ते पूर्ण असो की अंशतः, भरपाई कलम ४ खाली दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के. दोन पंधरवडे मिळून महिन्याला अर्धा पगार झाला. पहिला हप्ता सोळाव्या दिवशी द्यायचा. दुखापत २८ दिवस किंवा जास्त चालली तर अपघाताच्या दिवसापासूनचे पैसे, त्याच्या आत बरा झाला तर पहिले तीन दिवस कापतात. तुमच्याकडे ५० दिवस, म्हणजे पहिल्या दिवसापासून.

माणूस कामावर परत आला आणि कमी पगार घेतोय, तर कायदा म्हणतो की पंधरवड्याची भरपाई ही जुन्या पगाराचा अर्धा वजा आताच्या पगाराचा अर्धा, याच्यापेक्षा जास्त नसावी. एवढीच मर्यादा आहे. "बंद" हा शब्द कुठेही नाही.

गाळामालक | ५ ऑक्टोबर

दुसरी बाजू पण ऐका जरा. मी पण असाच गाळा चालवतो, शिरोलीत. आठ दिवसांत वीस हजार हातात ठेवणारा मालक वाईट नसतो ओ. आमची ऑर्डर मोठ्या कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरची, बिल नव्वद दिवसांनी निघतं. टर्नर घरी बसला की त्याच्या जागी दुसरा आणावा लागतो, त्याला पगार, ह्याला भरपाई, बँकेचा हप्ता वेगळा. आणि चूक कुणाची ते पण बघा की. आठ वर्षांचा टर्नर चक हातातनं सोडतो? हँडग्लोव्हज घातले होते का?

टर्नरआण्णा | ५ ऑक्टोबर

गाळामालक साहेब, लेथवर हातमोजे?? तुमच्या गाळ्यात घालतात का? घालत असतील तर आजच काढा. फिरत्या जॉबला मोज्याचं टोक अडकलं तर हात आत ओढला जातो. चाळीस वर्षं लेथवर काढली, मी पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, मोजे नाही, अंगठी नाही, बाही कोपराच्या वर.

चक बदलताना काय लागतं ते सांगतो. बेडवर लाकडी ठोकळा. चकच्या गोलाईचा खाचा मारलेला, असा की चक सुटला तरी ठोकळ्यावर बसेल, हात मध्ये येणार नाही. वीस मिनिटाचं काम आहे तो ठोकळा करायचं. ताई, दिराला विचारा गाळ्यात ठोकळा होता का. मोठा चक असेल तर दोन माणसं लागतात, संध्याकाळी हेल्पर सोडून दिला होता का तेही विचारा.

शिरोळची_लेक | ५ ऑक्टोबर

आण्णा विचारलं आत्ताच. ठोकळा होता म्हणे पूर्वी, गेल्या थंडीत कुणीतरी शेकोटीत घातला. तेव्हापासून पोत्याची घडी ठेवतात. हेल्पर चहा आणायला गेलेला.

टर्नरआण्णा | ५ ऑक्टोबर

पोत्याची घडी. काय बोलणार.

काळाकोट | ५ ऑक्टोबर

ठोकळ्याची माहिती चांगली आहे पण खरं तर या कायद्यात चूक कुणाची याला फारसा अर्थ नाही. हा नो-फॉल्ट कायदा आहे. मालकाने निष्काळजीपणा केला हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही, आणि कामगाराची साधी चूक झाली म्हणून भरपाई जातही नाही. मालक सुटतो ते तीनच ठिकाणी: दारू किंवा नशेत होता म्हणून अपघात झाला, सुरक्षेसाठी घातलेला स्पष्ट नियम मुद्दाम मोडला, किंवा गार्डसारखं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं. हातातून निसटणं यात बसत नाही.

स्टॅम्पबद्दल. कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देणारा करार रद्दबातलच असतो, मग शंभरचा असो की हजारचा. पंधरवड्याच्या हप्त्यांऐवजी एकरकमी रक्कम घेऊन मिटवता येतं, पण त्याची नोंद कमिशनरकडे करावी लागते. महाराष्ट्रात हे काम लेबर कोर्टाचे न्यायाधीशच कमिशनर म्हणून बघतात. नोंद केली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो, म्हणजे तो कागद मालकाच्याही कामाचा नाही.

दवाखान्याचा खर्च वेगळा. २००९ च्या दुरुस्तीने नोकरीतल्या दुखापतीवरचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा आहे. आणि मालकाने उपचारासाठी दिलेले पैसे पंधरवड्याच्या भरपाईतून कापता येत नाहीत, हेही कलमातच लिहिलंय. ते २०,००० "उचल" नाहीत. बिलं जपून ठेवा.

हिशोबनीस | ६ ऑक्टोबर

रविवार आहे, आकडे मांडून देतो म्हणजे भांडायला बरं.

१४,४०० चे २५ टक्के ३,६००. एका पंधरवड्याला ३,६०० म्हणजे दिवसाला २४०. ५० दिवस गुणिले २४०, झाले १२,०००. (पगार १५,००० च्या वर असता तर हिशोब १५,००० वरच थांबला असता, २०२० पासून ती कमाल मर्यादा आहे. इथे प्रश्न येत नाही.)

आता १ ऑक्टोबरपासून. जुन्या पगाराचा अर्धा ७,२००. आताचा पगार ७,२००, त्याचा अर्धा ३,६००. फरक ३,६००. आणि २५ टक्केही ३,६००. म्हणजे महिन्याला भरपाई ७,२०० अधिक पगार ७,२००, बरोब्बर १४,४००. जुना पगार जसाच्या तसा.

उद्या मालकांनी वेळ वाढवून ९,६०० केले तर फरक ७,२०० वजा ४,८०० म्हणजे २,४००, तेवढेच पंधरवड्याला मिळतील. तरी बेरीज १४,४०० च. उलट पगार ६,००० केला तर फरक ४,२०० निघतो पण २५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, ३,६०० वर थांबणार, मग महिन्याची बेरीज १३,२००.

गाळामालक | ६ ऑक्टोबर

थांबा थांबा. घरी झोपून राहिला तर महिन्याला ७,२००, आणि अर्धा दिवस येऊन खुर्चीत बसला तर १४,४००? हे कुठलं गणित.

हिशोबनीस | ६ ऑक्टोबर

खुर्चीत बसलेल्याचे ७,२०० हे त्याच्या कामाचे आहेत साहेब, चार तासांचे. भरपाई दोन्हीकडे ७,२०० च. तुमच्या खिशातून जास्त गेले ते तुम्ही काम करून घेतलं म्हणून.

गाळामालक | ६ ऑक्टोबर

हां. असं बघितलं नव्हतं.

सातपूरकर | ६ ऑक्टोबर

आता ईएसआयवाल्यांनी हे वाचून स्वतःच्या कंपनीत जाऊन भांडू नका, कारण तिथे सगळं उलटं आहे. माझं स्वतःचं सांगतो.

मी नाशिकला ऑटो पार्टच्या एका कंपनीत होतो, नाव नको. पगार १८,००० म्हणजे २१,००० च्या आत, ईएसआय कापत होते. प्रेसवर डाव्या हाताची दोन बोटं दाबली, तुटली नाहीत पण टेंडनला लागलं. ईएसआयमध्ये याला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणतात, टीडीबी. दर ९० टक्के. महिन्याला साधारण १६,२०० बसतात. किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत, कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतं. फक्त अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस तरी अपंगत्व टिकलं पाहिजे.

आता गंमत. चौथ्या दिवशी कंपनीतून सुपरवायझरचा फोन, गाडी पाठवतो, ये, पंच कर आणि कॅन्टीनमध्ये बसून राहा, लाईट ड्युटी. मला वाटलं केवढी माणुसकी. पूर्ण पगार मिळणार, आणखी काय पाहिजे. सव्वा महिना रोज हाताला पांढरं बँडेज बांधून कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसायचो, स्क्रॅपचे टॅग लिहायचो, तेही उजव्या हातानं जमायचं म्हणून.

खरं कारण मला युनियनच्या एका जुन्या माणसानं सांगितलं. फॅक्टरी कायद्यात अपघातानं माणूस ४८ तास कामाला येऊ शकला नाही तर तो अपघात फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावा लागतो. माणूस पंच करतोय म्हटल्यावर अपघात झालाच नाही! दारावरचा बोर्ड, "विनाअपघात इतके दिवस", तो तसाच पुढं चालू. मी बोर्डाखालनं बँडेज बांधून आत जायचो.

आणि ईएसआयचा नियम असा की ज्या दिवशी काम केलं किंवा पगारी सुट्टी घेतली त्या दिवसाचा टीडीबी नाही. इथं फरक-बिरक भरून देत नाहीत. डॉक्टरचं सर्टिफिकेट चालू असताना जर कुणी पंच केलं तर ऑफिसवाले कंपनीला विचारतात, हा गैरहजर होता का, आणि हजेरी निघाली तर घेतलेले पैसे परत करावे लागतात. आमच्या लाइनवरच्या एकानं दोन्ही घेतले होते, त्याला परत भरायला लागले वर बोलणी खाल्ली.

पुढे माझं बोट वाकेना. मेडिकल बोर्डासमोर गेलो तर पहिला प्रश्न, अपघाताचा रिपोर्ट कुठाय. नव्हताच ना. तो नंतर कंपनीकडून काढायला मला आठ महिने लागले.

चहाबाज | ६ ऑक्टोबर

म्हणजे ईएसआय असेल तर पूर्ण बरं होईपर्यंत घरी बसा, हलकं काम नको. आणि ईएसआय नसेल तर हलकं काम घ्या, फरक मालकाकडून घ्या. बरोबर ना?

सातपूरकर | ६ ऑक्टोबर

ईएसआयचं बरोबर. तिथे व्याख्याच अशी आहे की जे काम करत होतास ते करता येत नाही तोवर तू तात्पुरता अपंग, अंशतः-पूर्ण असा भेद नाही. डॉक्टर फिट देईपर्यंत ९० टक्के. लाभ चालू असताना कंपनी काढून टाकू शकत नाही हे पण कायद्यात आहे.

काळाकोट | ६ ऑक्टोबर

सातपूरकरांनी लिहिलंय ते लाख मोलाचं आहे. एक जोड: ईएसआय लागू असलेल्या माणसाला १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडे मागता येत नाही, एकच दार. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच, ईएसआय कापतात का. २१,००० च्या वर पगार किंवा कारखान्यात दहाच्या आत माणसं, तर १९२३ चा कायदा.

बे_एरिया_बंड्या | ६ ऑक्टोबर

इथे कॅलिफोर्नियात माझ्या बायकोला वेअरहाउसमध्ये खांद्याला लागलं होतं म्हणून थोडं माहिती झालं. इथे या चौथ्या खणाला वेगळं नाव आणि वेगळा फॉर्म आहे, कमी तास काम केलं की जुन्या आणि नव्या पगाराच्या फरकाच्या दोन तृतीयांश मिळतात. पहिले तीन दिवस इथेही कापतात, पण दुखापत १४ दिवसांच्या वर गेली तर तेही देतात. तुमच्याकडे २८ दिवस दिसतायत. तिला बसून लेबल चिकटवायचं काम दिलेलं. एवढं बोअर झाली की खांदा दुखत असताना परत बॉक्स उचलायला गेली असती.

शिरोळची_लेक | ७ ऑक्टोबर

सगळ्यांचे खूप आभार. दिराला वाचून दाखवलं. तो म्हणतो, वहिनी, २५,००० आणि तुमच्या हिशोबाचे (१२,००० अधिक पुढच्या दोन महिन्यांचे) जवळजवळ सारखेच होतायत, मग भांडायचं कशाला? मला उत्तर देता येईना.

हिशोबनीस | ७ ऑक्टोबर

मालकांनी आकडा बरोबर काढलाय, हुशार आहेत. पण त्या २५,००० च्या पोटात काय काय घातलंय ते बघा. दवाखान्याचे तुमच्या खिशातून गेलेले ४२,०००. उचल म्हणून मांडलेले २०,००० पुढे पगारातून कापणार तेही. आणि "यापुढं कसलंही येणं नाही" हे शेवटचं वाक्य सगळ्यात महाग आहे.

काळाकोट | ७ ऑक्टोबर

ते वाक्य किती महाग ते सांगतो. समजा दोन महिन्यांनी मनगट पूर्ण फिरलं नाही, मूठ कमजोर राहिली. मग तात्पुरत्याचं कायमचं-अंशतः होतं. डॉक्टर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लिहितात. पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर, त्याचे तेवढे टक्के. ३० वर्षांना फॅक्टर २०७.९८ आहे. ८,६४० गुणिले २०७.९८ म्हणजे १७,९६,९४७. नुसते १० टक्के धरले तरी १,७९,६९५ होतात. देव करो आणि हे लागू नये, पण सही करताना हे सोडून देताय एवढं दिराला सांगा. तो कागद कायद्यापुढे टिकणार नाही हे खरं, पण ते सांगायला मग वकील लागतो.

पुढची पावलं थोडक्यात. मालकांना लेखी नोटीस, साध्या मराठीत, नाव, पत्ता, तारीख, कसं लागलं. दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे पण थांबू नका. पैसे देय झाल्यापासून एक महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण योग्य नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. मालकांनी स्वखर्चाने डॉक्टरला दाखवायला सांगितलं तर नाही म्हणू नका, नकार दिला तर तेवढ्या काळाचा हक्क थांबतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. आणि ही हक्कांची माहिती कामाला ठेवतानाच लेखी द्यायची जबाबदारी मालकाची होती, हे २०१७ पासून आहे. माझ्या पाहण्यात एकाही गाळ्यात दिलेली नाही.

गाळामालक | ७ ऑक्टोबर

माझ्याकडनं पण नाही दिलेली, कबूल. ताई, नोटिशीच्या आधी एक करून बघा. मालकांना विचारा ईसी पॉलिसी, म्हणजे ह्याच भरपाईचा मालकानं काढलेला विमा, आहे का. बँकेचं कर्ज असेल किंवा मोठ्या कंपनीचं काम असेल तर बहुतेक काढायला लावलेली असते, फाईलमध्ये पडून असते, मालकाला आठवतसुद्धा नाही. मी काल रात्री माझी उघडून बघितली. मेडिकलचा खर्च त्यात वेगळा जोडून घ्यावा लागतो, माझ्यात नव्हता जोडलेला, आज एजंटला फोन केला. आणि विमा असला तरी दंड लागला तर तो मालकाच्याच खिशातनं जातो, तेव्हा वेळेत कळवलेलं त्यांनाही बरं.

शिरोळची_लेक | १४ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याला गाळ्यात मशीनपूजा असते, आम्ही सगळे गेलो होतो. दिरानं त्याच्या लेथला डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ हेल्परनं बांधली. मालकीणबाईंनी पेढे दिले. सगळं झाल्यावर मी काळाकोट आणि हिशोबनीस यांचं लिहिलेलं एका कागदावर उतरवून नेलं होतं ते मालकांच्या पुढं ठेवलं. रागावले. म्हणाले आठ वर्षं ह्याला पोरासारखं सांभाळलं. मी म्हटलं, म्हणूनच पोस्टानं न पाठवता हातात आणून दिलंय. मग पॉलिसीचं विचारलं. "असेल कुठंतरी," म्हणाले.

चहाबाज | १४ ऑक्टोबर

पोस्टानं न पाठवता हातात!! ताई तुम्ही वकील व्हा.

काळाकोट | १४ ऑक्टोबर

वाक्य छान आहे पण पोस्टानंही पाठवा. पोच जपून ठेवा. नातं नात्याच्या जागी.

शिरोळची_लेक | १९ जानेवारी २०२५

अपडेट द्यायचं राहूनच गेलं, माफ करा, ऊसतोड आली आणि मग लग्नं.

पोस्टानं पाठवलं होतं. पंधरा दिवस मालक बोलेनात. मग एके दिवशी त्यांच्या अकाउंटंटचा फोन, पॉलिसी सापडली, बँकेच्या फाईलमध्येच होती. ५० दिवसांचे १२,००० आले. ऑक्टोबरचे ३,६०० दोनदा. नोव्हेंबरात पूर्ण दिवसाच्या जवळपास जायला लागला, पगार ९,६०० केला, तेव्हा २,४०० दोनदा. सगळे मिळून २४,०००. दवाखान्याचे ४२,००० पॉलिसीत बसत नव्हते, ते मालकांनी तीन हप्त्यांत दिले, शेवटचा हप्ता परवा. उचलीवर लाल शाईनं काट मारली, वहीचा फोटो काढून ठेवलाय. पाटल्या सुटल्या.

१ डिसेंबरपासून लेथवर आहे. मूठ पूर्ण बसते असं डॉक्टर म्हणतात, थंडीत ठणकतं तेवढं.

टर्नरआण्णा | १९ जानेवारी

छान झालं. ठोकळा?

शिरोळची_लेक | १९ जानेवारी

अजून पोतंच आहे आण्णा.

नवा_सभासद_चाकण | ८ डिसेंबर २०२५

जुना धागा वर काढतोय, माफी. माझा पाय मोडलाय, कंत्राटदाराकडे आहे, पगार २६,००० म्हणून ईएसआय नाही. कंत्राटदार म्हणतो आता नवीन कायदा आला, जुनं सगळं रद्द झालं, काही मिळत नाही. अपघात ऑक्टोबरमधला आहे.

काळाकोट | ८ डिसेंबर २०२५

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला, इथवर बरोबर. "काही मिळत नाही" हे त्याने स्वतः जोडलंय. तात्पुरत्या अपंगत्वाला पंधरवड्याला २५ टक्के नव्या संहितेतही आहेतच. तुमचा अपघात त्याच्या आधीचा आहे, तुमचा हक्क अपघाताच्या दिवशीच तयार झाला, जुन्या कायद्यानं. पगार २६,००० असला तरी हिशोब १५,००० वर होईल, म्हणजे पंधरवड्याला ३,७५०. कंत्राटदार देत नसेल तर ज्या कंपनीच्या आवारात काम चालू होतं ती मूळ मालक म्हणून जबाबदार, ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करेल. नोटीस दोघांना पाठवा.

शिरोळची_लेक | ९ डिसेंबर २०२५

बरं झालं धागा वर आला, मलाही विचारायचंच होतं. डॉक्टर म्हणतायत दिराची प्लेट काढायची, थंडीत फार दुखतं म्हणून. परत तीन आठवडे घरी बसावं लागेल आणि दवाखान्याचं बिल. हे त्याच अपघाताचं धरतात का?

काळाकोट | ९ डिसेंबर २०२५

त्याच दुखापतीमुळे ऑपरेशन करावं लागतंय असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या आणि ऑपरेशनच्या आधीच मालकांना कळवा, बिलं जपा. यावेळी बहुतेक स्टॅम्प आणणार नाहीत.

शिरोळची_लेक | ९ डिसेंबर २०२५

नाही, ह्यावेळी स्वतःच म्हणाले बिल आणून दे. आणि आण्णा, ठोकळा झालाय. दिवाळीच्या सुट्टीत दिरानंच केला, बाभळीचा, खाचा मारून. वर ऑइलपेंटनं लिहिलंय, "शेकोटीत घालू नये".

टर्नरआण्णा | ९ डिसेंबर २०२५

फोटो टाका.